तपासणीची मजुरी ही खैरात नव्हे

आमचा धंदा कापडाचा. इंजिनाविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार नाही, हे सुरुवातीलाच कबूल करतो. परंतु गेल्या उन्हाळ्यात हातखंब्याला एका गॅरेजसमोर अडीच तास बसावे लागले. तिथे जे पाहिले त्याचा संबंध आपल्या सर्वच व्यापारी व कारागीर बांधवांशी आहे, म्हणून ही चार अक्षरे.

हातखंबा माहीत नाही असा कोकणातला व्यापारी विरळाच. रत्नागिरीहून निघालेला रस्ता इथे मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. डावीकडे निवळी, संगमेश्वर करीत मुंबई. उजवीकडे पाली, तिथून एक फाटा गोव्याकडे आणि दुसरा साखरपा, आंबा घाट, मलकापूरमार्गे कोल्हापूरला. इचलकरंजीचा माल आमच्याकडे याच वाटेने येतो. वाट चढ-उताराची. गाडीच्या पोटातला रोग सपाट रस्त्यावर लपतो, तो इथे उघडा पडतो.

आमच्या भाच्याने आखाती देशातल्या कमाईतून हौसेने एक जुनी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली आहे. माल पाहायला कोल्हापूरकडे जायचे होते. "मामू, आज माझ्या गाडीतून चला," म्हणाला. पालीच्या दिशेने चार-पाच किलोमीटर गेलो नाही तोच काटा लाल खुणेला टेकला. गाडी बाजूला घेतली, थंड होऊ दिली आणि हळूहळू मागे हातखंब्याला आणली.

तेव्हा भाच्याने सगळी हकीकत सांगितली. गाडी वर्षभर तापत होती. पहिल्या ठिकाणी रेडिएटर नवा बसवला. दुसऱ्या ठिकाणी वॉटर पंप बदलला. तिसऱ्याने थर्मोस्टॅटच काढून टाकला, "आता तापणार नाही" म्हणून. तिन्ही ठिकाणी पैसे दिले आणि गाडी तापतच राहिली. त्या पैशात एखाद्या गरीब मुलाची वर्षाची फी निघाली असती.

हातखंब्याचे मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी एकच गोष्ट विचारली, "तापते कधी? उभी असताना, की पळताना?"

हा प्रश्न आधीच्या तिघांपैकी एकानेही विचारला नव्हता. वास्तविक अर्धे निदान त्यातच आहे. गाडी गर्दीत किंवा सिग्नलला उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होते, तर दोष बहुधा हवेचा: पंखा फिरत नाही, त्याचा स्विच गेला, किंवा बेल्ट सैल आहे. उभी असताना ठीक आणि चढावर, वेगात तापते, तर दोष बहुधा पाण्याच्या फिरण्याचा: रेडिएटर आतून चोंदला, पंप झिजला, किंवा एखादा पाइप दबतो. कधीकधी इग्निशनचे टायमिंग मागे पडल्यानेही असे होते. गळती कुठेच दिसत नाही, तरी पाणी कमी होत जाते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ऑइल दुधाळ दिसते, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. आणि हे सगळे करण्याआधी काटा तरी खरे बोलतो की नाही, हे थर्मामीटर लावून पाहावे.

रेडिएटरच्या टोपीचेही असेच. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. टोपीने सुमारे एक बार दाब धरून ठेवला तर तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. टोपीचे रबर गेले की दाब जातो आणि पाणी लवकर उकळते. स्वस्तातली वस्तू, पण तिच्याकडे कोणी पाहत नाही. मात्र गरम इंजिनाची टोपी कधीही उघडू नये. वाफेने हात-तोंड भाजते.

जुन्या स्पोर्ट्स कारचा आणखी एक स्वभाव मिस्त्रींनी सांगितला. तिचे नाक खाली, हवा घेणारी जाळी लहान. पुष्कळदा रेडिएटर इंजिनाच्या माथ्यापेक्षा खाली बसवलेला असतो. त्यामुळे पाणी बदलताना वरच्या भागात हवा अडकते. वरून भांडे भरलेले दिसते आणि आत इंजिनाचा माथा कोरडा असतो. अशा गाडीची हवा नीट काढल्याशिवाय नवा रेडिएटर बसवूनही उपयोग नाही.

भाच्याची गाडी उभी असताना ठीक होती, चढावर तापत होती. मिस्त्रींनी ती पुरती थंड होऊ दिली, पाणी भरले, हवा काढली. मग इंजिन चालू केले आणि आपल्या शागिर्दाला रेस द्यायला सांगून खालच्या पाइपावर बॅटरीचा उजेड धरला. रेस वाढली तसा तो रबरी पाइप आपोआप चपटा झाला. रेस कमी केली, पुन्हा फुगला. पंप याच पाइपातून पाणी ओढतो. पाइप चपटा झोपू नये म्हणून त्यात तारेची स्प्रिंग असते. ती गंजून तुटली होती आणि रबर तेलाने मऊ पडले होते. पंप नवा, रेडिएटर नवा, आणि मधला पाइप मात्र तोच जुना! जोर लावला की पाण्याची वाट बंद.

नवा पाइप रत्नागिरीहून मागवला. काढून टाकलेल्या थर्मोस्टॅटच्या जागीही त्यांनी नवा बसवला. हा पडदा साधारण ८० ते ९० अंशांवर उघडतो आणि इंजिनाला योग्य गरमीवर ठेवतो. तो काढला तर थंडीत इंजिन जास्त तेल पिते आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटर टाळून आतल्या आतच फिरते, म्हणजे तापणे उलट वाढते. आपल्याकडे थर्मोस्टॅट काढणे हा इलाज समजला जातो, तो इलाज नव्हे. तसेच विहिरीचे पाणी वर्षानुवर्षे ओतण्याऐवजी कूलंट आणि शुद्ध पाणी वापरावे. क्षार आणि गंज यांनीच रेडिएटर चोंदतात.

आता मुद्द्याची गोष्ट. मिस्त्रींनी दोन वस्तूंची किंमत सांगितली आणि वर तपासणीची मजुरी मागितली. भाचा म्हणाला, "एक पाइप तर बदललात चाचा, तपासणीचे कसले पैसे?" मिस्त्री रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बेटा, मी पंप बदलला असता तर तू काही न बोलता दिले असतेस."

मी मान खाली घातली. कारण मी स्वतः वर्षानुवर्षे असाच घासाघीस करीत आलो आहे. रंगाऱ्याने ताग्याकडे पाहून "हा रंग धुतल्यावर उतरेल" असे सांगून माझे नुकसान वाचवले, तेव्हा मी त्याला चहा पाजला, मजुरी दिली नाही. ज्या ठिकाणी डोळ्याचे आणि डोक्याचे काम फुकट समजले जाते, तिथे कारागिराला पोट भरण्यासाठी पार्ट विकावे लागतात. मग पार्ट बदलण्याची घाई होते, निदान मागे राहते आणि शेवटी खर्च गिऱ्हाइकाच्याच डोक्यावर बसतो. मिस्त्रींनी निघताना सांगितले की त्यांच्या मुलाला हा धंदा शिकायचा नाही. "हाताला काळे लागते म्हणून नाही. जाणकारीला किंमत नाही म्हणून."

मापात कमी देणाऱ्यांना कुरआनमध्ये सूरह मुतफ्फिफीनमध्ये सक्त ताकीद आहे, हे आपण सर्व जाणतो. माझ्या समजुतीने ते माप केवळ तराजूचे नाही. कारागिराने अंदाजाने पार्ट बदलून पैसे घेणे हे जसे कमी माप, तसेच गिऱ्हाइकाने त्याच्या जाणकारीचे मोल बुडवणे हेही कमी मापच.

म्हणून दोन्ही बाजूंना विनंती आहे. मिस्त्रीबांधवांनी तपासणीचा दर काम सुरू करण्याआधीच सांगावा. दोष सापडला नाही तर तसे साफ सांगावे. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. शागिर्दाला पाना धरायला शिकवता तसे प्रश्न विचारायलाही शिकवावे, आणि जमेल त्याला आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गाला पाठवावे, म्हणजे उस्तादाच्या अनुभवाला कागदाची जोड मिळेल. गाडीवाल्या व्यापाऱ्यांनी आधी काय काय दुरुस्त झाले ते लपवू नये, आणि तपासणीची मजुरी हसतमुखाने द्यावी.

त्या दिवशी आंबा घाट चढलो. काटा मध्यावरून हलला नाही. परतताना हातखंब्याला थांबलो आणि भाच्याने राहिलेले पैसे स्वतः उतरून मिस्त्रींच्या हातात दिले.