जुनी पिकअप: रंग नको, धूर बघा

बैल घेताना आपण दात मोजतो, चालवून बघतो. जुनी पिकअप मात्र नवा रंग बघून विसार देऊन मोकळे होतो. हे काही बरोबर नाही.

सकाळी इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच गाडी गरम करून ठेवली असेल, तर तिथेच शंका घ्या. निळसर धूर येतच राहिला तर इंजिन ऑईल जाळतंय. ऑईलचं झाकण काढल्यावर भकाभक हवा मारत असेल तर बोअर-पिस्टनचं काम निघालंच समजा.

मला मात्र भीती जास्त चॅसिसची. कांदा असो की वाळू, पासिंगपेक्षा जास्त माल भरायची आपल्याकडे रीतच पडली आहे. कपडे मळले तरी चालतील, पण गाडीखाली आडवं होऊन पाट्यांच्या हँगरजवळ चीर किंवा वेल्डिंग आहे का ते बघा. इंजिन बांधून मिळतं. वाकल्या चॅसिसची गाडी टायर खातच राहते.

आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ८ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो. तो संपला असेल तर तेवढा खर्च भावातून कापून घ्या.