नाव तेच, माणूस कोणता?

२०१४ च्या लोकसभेला रायगडमधून अनंत गीते अवघ्या २,११० मतांनी निवडून आले. हरले राष्ट्रवादीचे सुनील तटकरे. त्याच यंत्रावर आणखी एक सुनील तटकरे अपक्ष होते. त्यांना ९,८४९ मते पडली. सगळी चुकून पडली असे नाही, पण निकाल फिरायला त्यातली पाव मतेही पुरली असती.

१९६१ च्या निवडणूक नियमांत उपाय आहे: एकाच नावाचे दोन उमेदवार असतील तर व्यवसाय किंवा राहण्याचे ठिकाण जोडून फरक दाखवायचा. २०१५ पासून फोटोही येतो. नाव सारखे म्हणून कुणाला उभे राहण्यापासून रोखायला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये नकार दिला, आणि ते बरोबरच.

आपला घोळ वेगळा आहे. ठाणे, कल्याण-डोंबिवलीत गायकवाड, जाधव, मोरे बौद्धांत आहेत, मराठ्यांतही आहेत. दादासाहेबांचे आडनाव बडोद्याच्या राजघराण्याचेही. तरी आपण आडनावावरून 'आपला माणूस' ठरवतो, आणि बदनामीही तशीच पसरवतो. डोंबिवलीत आमच्या ग्रुपवर एका कार्यकर्त्याच्या नावाने गुन्ह्यांची यादी फिरली. ती दुसऱ्याच माणसाची निघाली. वडिलांचे नावच वेगळे होते. खुलासा निम्म्यांनी वाचलाही नाही.

लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराचे शपथपत्र आयोगाच्या वेबसाइटवर फुकट दिसते. वडिलांचे नाव, वय, पत्ता, व्यवसाय, शिक्षण तिथे असते. गुन्हा असेल तर एफआयआर क्रमांक आणि कोर्टही लिहावे लागते. फॉरवर्ड करण्याआधी निदान मधले नाव जुळवून पाहा.