पहिल्यानंतर दुसरा कोण?

लिव्हरपूलचा सामना असला की आमच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोहम्मद सलाहचे फोटो फिरायचे. २०२१-२२च्या हंगामात सलाह आणि दक्षिण कोरियाचा सोन ह्युंग-मिन यांनी प्रत्येकी २३ गोल केले आणि प्रीमियर लीगचा ‘गोल्डन बूट’ दोघांना मिळाला. तेव्हा एकाने विचारले, “आपल्यातला कुणी तिकडे कधी पोहोचणार?” मी लिहिले, “८६ वर्षांपूर्वीच पोहोचला होता.” कुणाचाच विश्वास बसला नाही.

त्यांचे नाव मोहम्मद सलीम. कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचे विंगर. या क्लबने १९३४ साली कलकत्ता लीग जिंकली. तोवर एकाही भारतीय संघाला ते जमले नव्हते. मग १९३८ पर्यंत सलग पाच वेळा ती लीग मोहम्मडननेच जिंकली. १९३६ साली सलीम ब्रिटनला गेले. तिथल्या एका नातेवाइकाने ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचे मॅनेजर विली मेली यांच्याकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. सलीम बूट घालून खेळत नसत. अनवाणी माणसाला स्कॉटलंडच्या व्यावसायिक खेळाडूंसमोर उभे करायचे, हे ऐकणाऱ्याला चेष्टाच वाटली असती. पण चाचणी झाली आणि सलीम पायांना पट्ट्या बांधून सेल्टिकच्या राखीव संघाकडून दोन सामने खेळले. दोन्ही सामने सेल्टिकने मोठ्या फरकाने जिंकले. तिथल्या वर्तमानपत्राने त्यांना ‘इंडियन जगलर’ म्हटले. नंतर घरची ओढ लागली आणि ते कोलकात्याला परतले.

ही गोष्ट आपण सांगतो, ऐकणारा “माशाअल्लाह” म्हणतो आणि विषय संपतो. मला मात्र पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. सलीम यांच्यानंतर कोण? ब्रिटनमधल्या व्यावसायिक क्लबकडून खेळलेला पुढचा नावाजलेला भारतीय म्हणजे बायचुंग भुतिया. तो बरी या क्लबमध्ये गेला १९९९ साली. मध्ये ६३ वर्षे गेली.

आता जपान पाहा. यासुहिको ओकुडेरा १९७७ साली जर्मनीच्या कोलोन क्लबमध्ये गेला. पहिल्याच हंगामात त्याच्या संघाने लीग आणि कप दोन्ही जिंकले. जपाननेही त्याचे कौतुक केले, पण तिथेच थांबला नाही. १९९३ साली दहा क्लबांची व्यावसायिक जे-लीग सुरू झाली. १९९८ साली हिदेतोशी नाकाता इटलीत पेरुजाकडून खेळू लागला आणि पहिल्याच लीग सामन्यात त्याने युव्हेंटसविरुद्ध दोन गोल केले. २०१७ साली डीएमएम या जपानी इंटरनेट कंपनीने बेल्जियममधला सिंट-ट्रुइडन हा छोटा क्लबच विकत घेतला. जपानी खेळाडूला युरोपात पहिले पाऊल ठेवायला हक्काची जागा मिळाली. वातारू एंडो तिथूनच जर्मनीमार्गे लिव्हरपूलला गेला, तोमियासू इटलीमार्गे आर्सेनलला. २०२२च्या विश्वचषकात जपानच्या २६ खेळाडूंपैकी १९ जण युरोपातल्या क्लबांचे होते. त्या संघाने जर्मनीला २-१ हरवले. दोन्ही गोल करणारे दोआन आणि असानो तेव्हा जर्मनीतल्याच लीगमध्ये खेळत होते.

सलीम आणि ओकुडेरा यांच्या कसबाची तुलना मी करणार नाही. फरक मागे उभ्या असलेल्या व्यवस्थेचा होता. सलीम यांच्यामागे एक नातेवाईक होता. ओकुडेराच्या मागून एक अख्खा देश कामाला लागला.

आपल्यातले काही म्हणतील, “आम्हाला दारच उघडत नाहीत.” हे खोटे नाही. २००९ साली सुनील छेत्रीला इंग्लंडमधल्या क्वीन्स पार्क रेंजर्सने करार देऊ केला होता. वर्क परमिट नाकारले गेले, कारण फिफाच्या क्रमवारीत भारत पहिल्या ७० देशांत नव्हता. माणूस कसा खेळतो हे बाजूला राहिले आणि तो कुठल्या गटातला आहे हे पाहिले गेले. भाड्याने घर शोधताना आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा आवाज बदललेला ज्याने ऐकला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण अशी अडचण काओरू मितोमालाही आली. हा पठ्ठ्या व्यावसायिक करार बाजूला ठेवून आधी त्सुकुबा विद्यापीठात शिकला आणि ड्रिब्लिंगवर त्याने प्रबंध लिहिला. शिक्षण की खेळ, असा वाद घालणाऱ्या आपल्या पालकांना हे जरूर सांगा. २०२१ साली इंग्लंडच्या ब्रायटनने त्याला घेतले, तेव्हा वर्क परमिट मिळत नव्हते. मग तो एक हंगाम बेल्जियममध्ये खेळला आणि पुढच्या वर्षी ब्रायटनच्या संघात आला. नियम त्यालाही आडवा आला, पण त्याच्याकडे दुसरी वाट होती. ती वाट त्याच्या आधीच्यांनी मळवून ठेवली होती.

माझ्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हेच रोज दिसते. गावातला पहिला मुलगा पुण्यात नोकरीला लागतो तो स्वतःच्या हिमतीवर. दुसऱ्याला त्याची खोली मिळते, रेफरल मिळतो, मुलाखतीत काय विचारतात ते आधी कळते. पहिल्याने हे केले नाही, तर दुसऱ्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. आपण मात्र पहिल्याचा सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो आणि दुसऱ्याला विसरतो.

सलीम यांना संधी देणारा सेल्टिक क्लब कसा उभा राहिला, तेही पाहण्यासारखे आहे. १८८७ साली ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या कॅथलिक धर्मसेवकाने ग्लासगोतल्या गरीब आयरिश स्थलांतरितांना मदत करण्यासाठी तो काढला. म्हणजे एका तुच्छ लेखल्या गेलेल्या अल्पसंख्य समाजाची ही संस्था. तरी तिने दार बंद ठेवले नाही. १९३६ साली एका भारतीय मुसलमानाला तिथे संधी मिळाली. १९६७ साली हा क्लब युरोपियन कप जिंकणारा पहिला ब्रिटिश क्लब ठरला, तेव्हा त्याचे मॅनेजर जॉक स्टीन प्रोटेस्टंट होते. आपल्या समाजासाठी संस्था काढणे आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवणे, दोन्ही एकत्र होऊ शकते.

आणि मुली? २०२० साली त्याच ग्लासगोत, सेल्टिकच्या कट्टर प्रतिस्पर्धी रेंजर्सने मणिपूरच्या बाला देवीला करार दिला. युरोपात व्यावसायिक करार मिळवणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. दोन वर्षांनी मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलोन क्लबमध्ये गेली. इथे दुसरी लवकर आली. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलीला मैदानावर तासभर तरी मिळतो का?

तेव्हा माझे म्हणणे साधे आहे. आपल्या जमाती आणि ट्रस्ट शिष्यवृत्ती देतात, त्या अर्जात खेळाचा रकाना घाला. रमजानमधल्या नाइट टूर्नामेंटच्या खर्चातला थोडा भाग वाचवून मोहल्ल्यातल्या एका मुलाला आणि एका मुलीला भारतीय फुटबॉल महासंघाचा ‘डी’ परवाना, म्हणजे प्रशिक्षकाची सुरुवातीची पायरी, पूर्ण करायला पाठवा. नगरपालिकेच्या मैदानावर मुलींसाठी ठरावीक वेळ लेखी मागा आणि मिळेपर्यंत पाठपुरावा करा. तिथे शेजारच्या वस्तीतल्या मुलामुलींनाही बोलवा.

यातून उद्या कुणी प्रीमियर लीगला जाईल, असे मी म्हणत नाही. पण ग्रुपवर पुन्हा कुणी “आपल्यातला कुणी कधी?” असे विचारले, तर त्याला उलट विचारा, “आपल्या मैदानावर आज संध्याकाळी कोण शिकवतंय?”