चिलटं, तंबाखूचं पाणी आणि 'सेंद्रिय' नावाचा शिक्का

बरेच दिवस यावर लिहायचं होतं. पण रिलीजच्या गडबडीत शनिवार कधी येतो आणि सोमवार कधी उजाडतो तेच कळत नाही. आज सुट्टी आहे, बाहेर पाऊस आहे, हातात चहा आहे आणि डोक्यात राग आहे. म्हटलं, लिहूनच टाकू.

राग कशावर? 'सेंद्रिय' या शब्दावर. म्हणजे खरं तर शब्दावर नाही. तो शब्द उच्चारला की चांगली शिकलीसवरली माणसं (पहिला नंबर माझा) डोकं काढून बाजूला ठेवतात, त्यावर.

झालं असं. गेल्या पावसाळ्यात माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये चिलटं झाली. घरून काम करतो त्या टेबलाजवळ सात-आठ कुंड्या आहेत. मनी प्लँट, पीस लिली, स्नेक प्लँट वगैरे नेहमीची मंडळी. आधी एखाददुसरं चिलट स्क्रीनवर बसायचं. मग चहात पडायला लागली. मग मीटिंग चालू असताना नाकात. फळं उघडी नव्हती, कचरा रोज जात होता, तरी आहेतच. शेवटी एकदा कुंडीला पाणी घातलं आणि मातीतून दहा-बारा उडाली तेव्हा ट्यूब पेटली.

सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं. अर्ध्या तासात वीस उपाय! दालचिनीची पूड भुरभुरवा. हळद टाका. वापरलेली चहापत्ती टाका. ताक घाला. केळीच्या सालीचं पाणी घाला. आणि एका काकांचा रामबाण उपाय : तंबाखू उकळून ते पाणी मातीत ओता. प्रत्येक उपायाखाली एकच वाक्य : "एकदम ऑरगॅनिक आहे, काही साईड इफेक्ट नाही."

मी तंबाखू उकळली. रोजच्या स्वयंपाकाच्या भांड्यात. हातमोजे वगैरे काही नाही. उरलेलं पाणी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि ओट्याखाली ठेवून दिलं. रविवारी ताई आली, बरोबर अडीच वर्षांची भाची. आम्ही बाहेर गप्पा मारतोय आणि ही बया दोन्ही हातांत ती बाटली धरून आली. "मामा, सरबत!"

झाकण घट्ट होतं, म्हणून आज हे लिहितोय.

ताईने बाटली घेतली, वास घेतला. "काय आहे रे हे?" आणि मी काय म्हणालो माहितीये? "काही नाही गं, ऑरगॅनिक आहे."

ताई फार्मासिस्ट आहे. तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. "निकोटिन आहे ते, गाढवा. साप पण ऑरगॅनिकच असतो."

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात बसलाय. निकोटिन झाडातून येतं, शंभर टक्के नैसर्गिक. ते विषही आहे, कातडीतून शरीरात जातं, आणि लहान मुलाच्या पोटात थोडंसं गेलं तरी जिवाशी खेळ. शेतीत ते कीटकनाशक म्हणून पूर्वी भरपूर वापरलं गेलं. पुढे त्याच धर्तीवर प्रयोगशाळेत निओनिकोटिनॉइड बनली, इमिडाक्लोप्रिड वगैरे. माणसासारख्या सस्तन प्राण्यांच्या बाबतीत ती मूळ निकोटिनपेक्षा कमी विषारी आहेत. (मधमाश्यांच्या बाबतीत मात्र भयंकर, म्हणून मी त्यांचा वकील नाही.) मुद्दा एवढाच की 'कुठून आलं' या प्रश्नाचं उत्तर म्हणजे 'किती घातक' या प्रश्नाचं उत्तर नव्हे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसरा विचारतच नाही.

बरं, सुरक्षितता जाऊ दे. उपयोग तरी होतो का? इथे तर जास्त गंमत आहे.

कुंडीतलं हे चिलट म्हणजे सायरिडी कुळातली माशी, बहुतेक वेळा ब्रॅडिसिया. दोन ते चार मिलिमीटरची, काळपट, उडण्यात अगदी कच्ची. चावत नाही, डेंग्यू देत नाही. प्रौढ माशी आठवडा-दहा दिवस जगते आणि तेवढ्यात मादी दोनशेपर्यंत अंडी घालते, ओल्या मातीत. खरी पार्टी खाली असते : काळ्या डोक्याच्या, पारदर्शक पांढर्‍या अळ्या, मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत. त्यांचं अन्न काय? ओल्या मातीतली बुरशी आणि कुजणारा पाला-कचरा. ते कमी पडलं की कोवळी मुळं. मोठ्या झाडाला सहसा फार फरक पडत नाही, पण रोपं आणि नुकत्याच लावलेल्या फांद्या यांची वाट लागते.

आता वरची यादी पुन्हा वाचा. चहापत्ती, ताक, केळीच्या सालीचं पाणी. म्हणजे कुजणारा पदार्थ, वर ओल, वर बुरशी. आपण चिलटांना मारत नाही, त्यांना पंगत वाढतोय! कीड स्वतःच कट्टर सेंद्रियवादी आहे हो. अर्धवट कुजलेलं कंपोस्ट, कायम ओलं कोकोपीट, यांच्यासारखं घर तिला दुसरीकडे मिळणार नाही. जीवामृत शेतात घालणार्‍या शेतकर्‍याशी माझं भांडण नाही. तिथे ऊन आहे, वारा आहे, निचरा आहे. पण तेच शेण-गूळ-बेसनाचं मिश्रण खिडकी बंद असलेल्या हॉलमधल्या सहा इंची कुंडीत घालणं म्हणजे... असो.

"पण आमच्याकडे दालचिनीने गेली ना!" हा युक्तिवाद नेहमी येतो. आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणतात. अहो, दालचिनी टाकली म्हणून तुम्ही आठवडाभर पाणी घातलं नाहीत, पूड वाहून जाईल म्हणून. माती सुकली. किंवा पाऊस संपला आणि ऑक्टोबरचं ऊन आलं. चिलटं गेली, श्रेय दालचिनीला. दालचिनीच्या अर्काचा बुरशीवर परिणाम होतो हे खरं आहे. पण त्यावरून मातीवर भुरभुरवलेली चिमूटभर पूड खाली दोन इंचांवरच्या अळीला मारते, हे सिद्ध होत नाही.

दुसरी बाजूही सोडत नाही. डासांचा स्प्रे मारणारे. उडणार्‍या माश्या पटापट पडतात, फार बरं वाटतं. पण हे म्हणजे बग न शोधता तिकिटं बंद करत बसणं. साधारण 24 अंश तापमानाला अंड्याचे 3 दिवस, अळीचे 10, कोषाचे 4. म्हणजे 17 दिवसांत नवी पिढी तयार. आज हवेतल्या सगळ्या माराल, पण मातीत पुढचा लॉट रांगेत उभाच आहे. आणि तो स्प्रे तुम्ही, तुमचे आईबाबा आणि पोरं बंद खोलीत नाकाने ओढताय, ते वेगळंच.

मग करायचं काय? करायचं सेंद्रियच, पण खरं सेंद्रिय. म्हणजे डब्यावरचा शिक्का बघून नव्हे, तर किडीचं जीवनचक्र बघून.

पहिलं आणि सगळ्यात मोठं : पाणी कमी. "रोज सकाळी एक ग्लास" हा नियम विसरा. बोट मातीत दुसर्‍या पेरापर्यंत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. स्नेक प्लँटला तर त्याहून कमी. खालच्या बशीत साचलेलं पाणी फेका. भोक नसलेली शोभेची कुंडी असेल तर झाड त्यातून काढा. वरचा थर कोरडा राहिला की अंडी-अळ्या जगत नाहीत. हा उपाय फुकट आहे, म्हणूनच त्याची जाहिरात कोणी करत नाही.

दुसरं : पिवळे चिकट सापळे. कृषी सेवा केंद्रात मिळतात. नाहीतर पिवळ्या कार्डशीटला एरंडेल फासा. याने प्रश्न सुटत नाही, पण प्रश्न केवढा आहे ते कळतं. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवून दोन-तीन दिवसांनी उलटून बघा, अळ्या खाली जमतात. मोजल्याशिवाय 'फरक पडला' म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं. व्हिनेगरच्या वाटीच्या नादाला लागू नका, ती फळांवरच्या चिलटांसाठी असते, ही जमात वेगळी.

तिसरं : बीटीआय. पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस. 1976 साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला जिवाणू. डासांच्या अळ्या मारायला जगभर वापरतात. चिलटाच्या अळीने तो खाल्ला की त्यातली प्रथिनं तिच्या आतड्यात विष बनतात, माणसाच्या पोटात तसं होत नाही. तो मातीत फार दिवस टिकत नाही, म्हणून पाच-सात दिवसांनी पुन्हा द्यावा लागतो. आणि एक सावधगिरी : दुकानदार नुसतं 'बीटी' म्हणून जे देतो ते बहुतेक वेळा कुर्स्टाकी असतं, म्हणजे घाटेअळी वगैरे पतंगवर्गीय अळ्यांसाठी. चिलटांवर त्याचा उपयोग नाही. लेबल वाचा. (गंमत बघा, भारतात 2002 साली परवानगी मिळालेल्या ज्या बीटी कपाशीवरून आपण एवढे वाद घातले, त्यातलं 'बीटी' म्हणजे याच जिवाणूचं नाव.)

चौथं : कडुनिंब. हो, कडुनिंब चालतो! पण पानांवर, हवेत फवारून नव्हे. त्यातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन अळीची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतं, उडणार्‍या माशीला ते लगेच मारत नाही. म्हणून ते अळीपर्यंत, म्हणजे मातीत पोचायला हवं. बाटलीवर अ‍ॅझाडिरॅक्टिन किती पीपीएम ते लिहिलेलं असतं, 300, 1500, 10000. आकडा बघा आणि प्रमाण बाटलीवर दिलंय तेच ठेवा, 'दोन झाकणं जास्त' नको.

आणि हे सगळं किती दिवस? 17 दुणे 34. दोन पिढ्या, म्हणजे साधारण पाच आठवडे. दोन दिवसांत रिझल्ट मागणार्‍यांनी प्लॅस्टिकची झाडं घ्यावीत.

मी हेच केलं. पहिल्या आठवड्यात सापळ्यावरच्या माश्या मोजायचा कंटाळा आला इतक्या होत्या. पाचव्या आठवड्यात दोन. एक पीस लिली गेली, पण ती चिलटांनी नाही, आधीच्या माझ्या पाण्याने मुळं कुजून गेली. बाकी सगळे मजेत आहेत.

आता कोणीतरी म्हणेलच, की हा रसायनवाल्यांचा माणूस दिसतोय. नाही हो. वरच्या चार उपायांत एकही कारखान्यातलं विष नाही. मी सेंद्रियच्या विरोधात नाही, आळशीपणाच्या विरोधात आहे. 'सेंद्रिय' म्हटलं की प्रमाण विचारायचं नाही, परिणाम मोजायचा नाही, बाटलीवर नाव लिहायचं नाही, मुलांपासून लांब ठेवायचं नाही... ही श्रद्धा झाली. निसर्गाचा आदर करायचा तर त्याची ताकदही मान्य करा ना. जे किडीला मारू शकतं ते आपल्यालाही इजा करू शकतं का, हा प्रश्न प्रत्येक बाटलीला विचारायचा, मग ती कृषी सेवा केंद्रातून आलेली असो की आपल्याच ओट्यावर उकळलेली.

भाची आता साडेतीन वर्षांची आहे. आली की आधी कुंडीत बोट घालते आणि ओरडते, "मामा, ओलं आहे, पाणी नको!" सोसायटीच्या ग्रुपपेक्षा तिला जास्त कळतं :)

ओट्याखाली आता फक्त भांडी घासायचा साबण आहे. तोही वरच्या कप्प्यात हलवायचाय. आजच करतो.