देशी कोंबडी आणि तिचीं पिलें

कोंबड्यांचा धंदा शेतीस चांगला जोड आहे, यांत दुमत नाहीं. मात्र जात निवडतांना आमचे शेतकरी बंधु बोलबाल्यास भुलतात. २०१९ सालीं सातारा-सांगलीकडे कडकनाथ पाळण्याच्या कराराच्या योजनांत कित्येकांचे पैसे बुडाले. दोष त्या जातीचा नव्हे. मध्य प्रदेशांतील झाबुआकडचा हा काळा पक्षी मूळचा काटकच आहे. पण गिऱ्हाइकाची खात्री न करतां शेंकडों पक्षी घेतल्यास कोणतीहि जात तोट्यांतच नेईल.

आमच्या मतें आरंभ खुडूक बसणाऱ्या गांवठी कोंबडीपासून करावा. तिचीं अंडीं थोडीं, हें खरें; परंतु २१ दिवस तीं उबवून पिलांस उकरून खाण्यास व घारीपासून दडण्यास तीच शिकविते. यंत्रांत उबविलेल्या पिलांस ऊबहि आपणांसच पुरवावी लागते: पहिल्या आठवड्यांत सुमारें ९५ अंश फॅरनहाइट, पुढें दर आठवड्यास ५ अंश कमी. तथापि मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, काटक जातीसहि सोडीत नाहीं. सबब पहिल्या आठवड्यांतच पिलांच्या डोळ्यांत लसीचा थेंब अवश्य घालावा.

आधीं दहा कोंबड्या नीट सांभाळाव्या. शंभरांचा विचार मग करावा.