आधी मीटर, मग पाकीट

जळगावहून धुळ्याला माहेरी जाताना पारोळ्यापुढे आमची जुनी मारुती ८०० आचके देऊ लागली. धुळ्यातल्या मेकॅनिकने प्लगच्या वायरी आणि कॉइल, दोन्ही बदलायला सांगितलं. हे खिशात हात घालणार, तेवढ्यात मी म्हटलं, आधी भावाचा मल्टिमीटर लावून बघू.

सोपं आहे हो! इंजिन गार, किल्ली काढलेली. एका वेळी एकच वायर काढायची, म्हणजे अदलाबदल होत नाही. धरायची रबरी टोपीला. मधे धरून ओढली तर आतला कार्बनचा धागा तुटतो. मीटर २० किलोओहमवर ठेवून दोन्ही टोकांच्या धातूला पिना टेकवायच्या. कार्बनच्या वायरीला फुटामागे काही हजार ओहम येतात. (तांब्याच्या वायरीला जवळजवळ शून्य, तिला बिघडलेली समजू नका.) आमच्या दोन वायरींनी ५ आणि ७ दाखवले, तिसरीला डावीकडे नुसता १. आतून तुटलेली! वायरींचा संच घेतला, कॉइल जुनीच. गाडी सुरळीत.

वरचं रबर तडकलेलं मात्र मीटरला कळत नाही. ते दमट हवेत, रात्री इंजिन चालू ठेवून बघावं, ठिणगी दिसते. पण पदर खोचून आणि हात लांब ठेवून. तिथे हजारो व्होल्ट असतात.