वाढीचे खापर वकिलाच्या फीवर

एकशे सात तास राबलेल्या वकिलाला तासामागे दीड डॉलर. फ्लोरिडातल्या ‘कॅस्टेलॅनोस विरुद्ध नेक्स्ट डोअर कंपनी’ या खटल्यातला हा हिशेब आहे. जखमी कामगाराच्या पदरात पडले 822.70 डॉलर. कायद्यातल्या तक्त्याप्रमाणे पहिल्या पाच हजारांवर वीस टक्के, म्हणून वकिलाची फी 164.54 डॉलर. समोरच्या पक्षाने बारा बचाव उभे केले होते. ते खोडून काढल्याशिवाय दमडीही मिळणार नव्हती. त्यासाठी लागलेले 107.2 तास आवश्यकच होते, हे दावा ऐकणाऱ्या न्यायाधीशांनी मान्य केले, पण तक्त्यापुढे त्यांचे हात बांधलेले होते. 28 एप्रिल 2016 रोजी फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 2 मतांनी हा ताठर तक्ता घटनाबाह्य ठरवला.

त्या दिवसापासून एक युक्तिवाद सतत कानी पडतो: वकिलांना मोकळे रान मिळाले आणि कामगार भरपाई विम्याचे हप्ते भडकले. त्याला आधार नाही असे नाही. 2003 च्या सुधारणांनी फी जखडली, त्यानंतर दर निम्म्याहून खाली आले होते. निकालानंतर दर सुचवणाऱ्या नॅशनल कौन्सिल ऑन कॉम्पेन्सेशन इन्शुरन्सने 19.6 टक्के वाढ मागितली. विमा आयुक्तांनी 14.5 टक्के मंजूर केली आणि ती 1 डिसेंबर 2016 पासून लागू झाली. छपरे घालणाऱ्या छोट्या ठेकेदाराला ही वाढ बोचणारच. कामगारांच्या वकिलांची एकूण फीही पुढच्या वर्षी बरीच वाढली. हे सगळे मला मान्य आहे.

मग पुढचे आकडेही मान्य करा. तोच निकाल कायम असताना 2018 साली दर सरासरी 9.5 टक्क्यांनी उतरले, 2019 साली 13.8 टक्क्यांनी. उतार दरवर्षी चालू राहिला आणि 2024 साली एकदम 15.1 टक्के घट झाली. निकालापूर्वीचा दर शंभर धरला, तर वाढीनंतर तो 114.5 झाला आणि 2024 पर्यंत सत्तावन्नच्या आसपास आला. कामावरचे अपघात कमी होत गेले, त्याचा परिणाम फीच्या वाढीला पुरून उरला. हप्त्याचे गणित वकिलाच्या फीवर उभे असते, तर हे घडलेच नसते.

मुळात ही फी कोणावर पडते ते पाहा. कामगाराचा अर्ज हाती आल्यावर तीस दिवसांच्या आत देणे देऊन टाकले, तर विमा कंपनीवर समोरच्या वकिलाच्या फीचा बोजा येत नाही. तो येतो देणे नाकारून, लढून, हरल्यावर. म्हणजे ती चुकीच्या नकाराची किंमत आहे, आणि ती टाळण्याची किल्ली कंपनीच्याच हातात आहे. शिवाय निकालाने तक्ता फाडून टाकलेला नाही. आकडा उघडउघड अन्यायकारक निघाला, तर न्यायाधीशाने तो बाजूला ठेवून वाजवी फी ठरवावी, एवढेच सांगितले आहे. ‘वाजवी’ हा शब्द कायद्यात पूर्वी होताच. 2008 साली याच न्यायालयाने मरे खटल्यात त्याचाच आधार घेतला होता, आणि 2009 साली विधिमंडळाने तो शब्दच खोडून टाकला! खर्चाची चिंता करणाऱ्यांनी खोडायला नेमका तोच शब्द निवडावा, याची मला चीड येते.

आणि विमा कंपन्यांच्या स्वतःच्या वकिलांचे काय? त्यांच्या फीला असा तक्ता कधी लागलाच नाही. 2014-15 या वर्षात, म्हणजे निकालापूर्वी, कामगारांच्या वकिलांना सुमारे 13.6 कोटी डॉलर मिळाले, तर बचावाच्या वकिलांवर सुमारे 23.4 कोटी खर्च झाले. हा पैसाही त्याच हप्त्यातून जातो.

कामगाराने मालकावर फिर्याद करण्याचा हक्क सोडला, तो भरपाई लवकर आणि खात्रीने मिळेल या बोलीवर. बारा बचावांपुढे त्याला एकटे उभे केले, तर ती बोली मोडते. तासाला दीड डॉलरवर उभा राहणारा वकील मिळत नाही, आणि आठशे डॉलरचा दावा वकिलावाचून तडीस जात नाही.

2017 च्या अधिवेशनात फीला तासाची कमाल मर्यादा घालण्याचा प्रयत्न झाला. दोन्ही सभागृहांचे आकड्यावर एकमत झाले नाही आणि विधेयक बारगळले. कायदा तसाच राहिला, आणि पुढच्याच जानेवारीत दर उतरले.